दारावरची लाकडी पाटी घरीच बनवताय? आधी एवढं वाचा. जळलेलं अक्षर खोडता येत नाही

लाकडाच्या जाड फळीवर तापलेल्या लोखंडाने डागून काढलेली तपकिरी-काळी अक्षरं, कडेला थोडी साल तशीच ठेवलेली, वर काथ्याची दोरी. अशा गावरान थाटाच्या पाट्या आता बऱ्याच घरांच्या दारांवर दिसू लागल्या आहेत. कोणी आडनाव लिहितं, कोणी घराचं नाव, कोणी वर छोटंसं ‘माशाअल्लाह’. बाजारात अशी पाटी महाग पडते. घरी करायला साधन थोडं लागतं, आणि शाळा-कॉलेजात जाणारी मुलं-मुली, घरच्या बायका, निवृत्त झालेले अब्बा हे काम हौसेने करू शकतात.

पण पेन्सिलने किंवा रंगाने लिहिणं वेगळं आणि जाळून लिहिणं वेगळं. रंग पुसता येतो, जळलेलं अक्षर पुसता येत नाही. शिवाय या कामात धूर होतो आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर निघतो. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की यातलं बहुतेक काम लोखंड तापवायच्या आधीचं आहे. लाकूड कोणतं आणि नाव कसं लिहायचं, या दोन गोष्टी ठरल्या की बाकी सगळं सरावाने जमतं.

लाकूड कोणतं घ्यायचं?

पाटीसाठी फिकट रंगाचं, मऊ आणि एकसारख्या रेषांचं लाकूड बरं. आपल्याकडे शिवण त्यासाठी उत्तम. आंब्याची फळी वखारीत सहज मिळते आणि स्वस्तही असते. फक्त तिला किडा लवकर लागतो, म्हणून बारीक भोकं किंवा खाली पडलेला भुसा दिसला तर ती फळी घेऊ नये. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूडही चालतं. त्यात एक फिकट आणि एक गडद अशा आलटून-पालटून रेषा असतात. फिकट रेषा मऊ असते, ती पटकन जळते. गडद रेषा कडक असते, ती उशिरा जळते. त्यामुळे नवशिक्याची ओळ तुटक-तुटक दिसते. उपाय एकच, हात सावकाश चालवायचा.

साग टिकाऊ खरा, पण तो तेलकट आणि मुळातच गडद. अक्षर उठून दिसायला जास्त खोल डागावं लागतं, आणि सागाचा भुसा काहींच्या अंगाला व नाकाला सोसत नाही. शिसव तर इतकं काळसर, की त्यावर जळकं अक्षर दिसतच नाही.

झाडाच्या फांदीचा गोल काप घेऊन पाटी करायची अनेकांना हौस असते. दिसायला तो सुरेखच दिसतो. पण ओल्या लाकडाचा काप सुकताना मधून कडेपर्यंत तडकतो, आणि तडा नेमका नावातून जातो. जाड फळी सावलीत सुकायला एका इंचाला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. घाई असेल तर सुकलेली फळीच घ्या. कण्हेरीचं लाकूड मात्र हातातही घेऊ नका; त्याचा धूरसुद्धा विषारी असतो. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तेही लाकूड नको.

हे लाकूड अजिबात जाळू नका

प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि लॅमिनेट लावलेल्या फळ्या या कामाला घेऊ नयेत. त्यांत सरस आणि रसायनं असतात. तापलं की त्यांतून फॉर्मलडिहाइडसारखे वायू निघतात, आणि ते डोळ्यांना, घशाला व फुप्फुसांना बाधतात. जुन्या दाराच्या किंवा खिडकीच्या रंगवलेल्या फळ्याही नकोत, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. हिरवट झाक असलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही टाळा. अशा औषधांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं.

भंगारवाल्याकडे मिळणारी पॅलेटची लाकडं फुकटात पडतात म्हणून बरेच जण ती घेतात. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि बाजूला इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकडाला फक्त उष्णता देऊन कीड मारलेली आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ‘एमबी’ दिसलं की ते लाकूड घरात आणू नका. छाप नसेल, वास येत असेल किंवा तेलाचे डाग असतील, तरी सोडून द्या. वखारीतल्या साध्या फळीच्या तुकड्याला फार पैसे पडत नाहीत.

नाव कसं लिहायचं, हे घरात बसून ठरवा

आमच्या मते पाटीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि घाईही यातच होते. आपली नावं तीन लिपींत फिरतात. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लाइटबिलावर तिसरं. काझी की काजी, सय्यद की सैयद, मोमीन की मोमिन? पाटी करायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक रूप ठरवावं. कागदपत्रांवर जे रूप सर्वांत जास्त वेळा आहे, ते घेतलेलं बरं. पोस्टमनला आणि कुरिअरवाल्यालाही तेच उपयोगी पडतं. मराठीत नुक्ता देण्याची पद्धत नाही, म्हणून ‘खान’, ‘फिरोज’, ‘गफूर’ हे साधेच लिहावेत. हिंदीतून उचललेले नुक्ते मराठी पाटीवर अर्धे दिले आणि अर्धे राहिले, तर ते वाईट दिसतं.

उर्दूत मात्र नुक्त्यावाचून चालत नाही. ‘खान’ हा शब्द घ्या. पहिलं अक्षर ‘खे’, त्याच्या डोक्यावर एक नुक्ता. तो द्यायचा राहिला तर अक्षर ‘हे’ होतं आणि नाव ‘हान’ वाचलं जातं. तोच नुक्ता खाली पडला तर अक्षर ‘जीम’ होतं आणि खानसाहेबांचे जानसाहेब होतात. लाकडावरचा एक चुकार काळा ठिपकाही वाचणाऱ्याला नुक्ताच वाटू शकतो. म्हणून उर्दू ओळीच्या आसपास गाठ किंवा डाग नसेल अशी जागा निवडा, आणि उर्दू नीट वाचता येणाऱ्या माणसाकडून कागदावरचं नाव तपासून घ्या. मोबाइलवर टाइप केलेली उर्दू काही सॉफ्टवेअरमध्ये तुटते, अक्षरं सुटी पडतात आणि उलट क्रमाने लागतात. ज्याला उर्दू येत नाही त्याला ते कळतही नाही. घरातल्या दादी-नानींना एकदा दाखवलं तरी काम होतं.

आणखी एक विचार घरोघरी व्हावा. पाटीवर बहुतेक ठिकाणी फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव असतं. घर चालवणाऱ्या अम्मीचं नाव कुठेच नसतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिण्याचा निर्णय झालेला आहे. कागदावर जे आलं ते दारावरही यायला काय हरकत आहे? पतीपत्नी दोघांची नावं, किंवा नुसतं आडनाव, दोन्ही चांगलं दिसतं.

अल्लाहचं नाव किंवा कुरआनची आयत लिहायची असेल तर जपून. सरावाच्या तुकड्यांवर असे शब्द लिहू नका, कारण ते तुकडे शेवटी कचऱ्यात किंवा चुलीत जातात. पाटी कुठे लागणार, पायाखाली किंवा ओल्या जागी तर नाही ना, हेही आधी बघा. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा.

मराठी, उर्दू की दोन्ही?

घराच्या पाटीवर कोणती भाषा असावी हा सर्वस्वी घरच्यांचा प्रश्न आहे. दुकानाचं तसं नाही. 2022 च्या कायदा दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान-मोठ्या सगळ्या दुकानांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत असणं बंधनकारक आहे, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. तेव्हा मसाल्याच्या, मेंदीच्या किंवा शिवणकामाच्या दुकानासाठी पाटी करत असाल तर आधी मराठी, मग उर्दू किंवा इंग्रजी.

सोबत उर्दू लिहिली तर चालते का, असं अनेक जण विचारतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिण्यावरून खटला झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2025 रोजी तो फलक कायम ठेवला. मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला कायद्याची मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे मराठी आणि उर्दू एकाच फळीवर सुखाने नांदू शकतात. आमच्या बहुतेक घरांत त्या तशा नांदतातच.

साधनं आणि तयारी

सुरुवातीला 25 ते 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. तापमान कमी-जास्त करता येणारं वूड बर्निंग पेन मिळालं तर उत्तम. त्यासोबत वेगवेगळी टोकं येतात. रेडिओ-मोबाइल दुरुस्तीत वापरलेलं जुनं टोक घेऊ नका, त्यावर शिशाचं सोल्डर चिकटलेलं असतं. नवीन टोक घ्या. प्लग नीट बसणारा हवा आणि वायर टेबलावरून लोंबकळत ठेवू नये, नाहीतर लहान मूल ओढतं.

फळी साधारण 12 इंच लांब, 6 इंच रुंद आणि पाऊण इंच जाड असावी. आधी 80 नंबरच्या, मग 120 च्या आणि शेवटी 220 च्या पॉलिश पेपरने घासा. घासताना लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हात फिरवा. मग ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या; बारीक तंतू उभे राहतील, ते पुन्हा 220 ने उतरवा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर टोक अडकत नाही. गावरान रूप हवं असेल तर ते कडांवर ठेवा, लिहायच्या जागेवर नको.

अक्षराचा आकार लांबून वाचता येईल असा ठेवा. एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, हा पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. नाव कागदावर छापून घ्या. कागदाच्या मागच्या बाजूला 6बी पेन्सिल घासा, कागद फळीवर चिकटपट्टीने पक्का करा आणि बॉलपेनने अक्षरं गिरवा. निळा कार्बन पेपर टाळा, त्याचा निळा डाग लाकडात राहतो. काही जण छापलेला कागद फळीवर उलटा ठेवून गरम इस्त्रीने नाव उमटवतात. त्यात अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात, म्हणून छपाईच उलटी करावी लागते. उर्दू न वाचणाऱ्या माणसाच्या हातून इथे हमखास घोळ होतो.

डागताना हात कसा चालवायचा?

त्याच फळीतून कापलेल्या तुकड्यावर आधी दहा-पंधरा सरळ रेषा आणि तेवढेच गोल काढा. वेगळ्या लाकडावरचा सराव उपयोगाचा नाही, प्रत्येक लाकूड वेगळं जळतं.

टोक दाबायचं नाही. काळा रंग उष्णतेने आणि वेळाने येतो, जोराने नाही. टोक स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. लाकडावर टेकवताना हात आधीच हलता हवा आणि उचलतानाही हलताच हवा. थांबून उचललं तर ओळीच्या टोकाला काळा गोळा तयार होतो. वळण आलं की हात वाकवण्यापेक्षा फळी फिरवा. आधी फिकट बाहेरची रेघ, मग दुसऱ्या फेरीत गडद, आणि शेवटी आतला भाग भरायचा.

देवनागरीत शिरोरेषा त्रास देते. ती लांब, आडवी आणि बहुधा लाकडाच्या रेषांना समांतर असते, त्यामुळे टोक त्या रेषांबरोबर वाहत जातं. पट्टी लावून कटरने आधी हलकी चीर मारून घ्या, टोक त्या चिरेतून सरळ चालतं. उर्दूच्या नस्तालीक लिपीत जाड-बारीक फटकारे असतात, ते चपट्या टोकाने येतात. नवीन माणसाने सुरुवात नस्खने करावी, त्यातली अक्षरं एका सरळ ओळीवर बसतात.

रेघ थोडी बाहेर गेली आणि फिकट असेल तर ब्लेडने खरवडून निघते. खोल गेली तर निघत नाही. मग अक्षरच थोडं जाड करून सांभाळून घ्यावं लागतं. नुक्त्यांना मात्र ही सोय नाही, म्हणून ते सगळ्यांत शेवटी आणि मोजून द्या.

टोकावर काजळी जमली की उष्णता कमी पोचते. पेन बंद करून, थंड झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने ती पुसून घ्या.

धूर, मुलं आणि एक जीवघेणा प्रकार

काम खिडकीजवळ किंवा गॅलरीत करा. टेबलफॅन असा ठेवा, की धूर तुमच्यापासून दूर ओढला जाईल. थेट टोकावर वारा आला तर टोक थंड पडतं. साधा रुमाल धूर अडवत नाही. एन-95 मास्क बारीक कण अडवतो, वायू अडवत नाही, म्हणून मास्क असला तरी हवा खेळती हवीच. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घासण्याचं आणि गिरवण्याचं काम द्या, गरम टोक देऊ नका.

भाजलं तर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.

अक्षरं उठवण्याची आणखी एक पद्धत आहे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर पाण्यात विरघळवून, कॉर्नफ्लोअरने दाट करून त्याने अक्षरं लिहायची आणि सुकल्यावर हीट गनने तापवायची. तेवढाच भाग काळा पडतो. पण त्यातून झोंबणाऱ्या वाफा निघतात, म्हणून हा प्रकार फक्त उघड्यावर करावा.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत मायक्रोवेव्हमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेसारख्या फांद्या जाळताना दाखवतात. ते कोणीही, कधीही करू नये. घरातली वीज 230 व्होल्टची, तर या ट्रान्सफॉर्मरमधून 2000 व्होल्टच्या आसपास दाब निघतो आणि एका स्पर्शात जीव जातो. परदेशात यात अनेक हौशी माणसं दगावली आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातली आहे. आपल्या मुलांच्या फोनमध्ये असा व्हिडिओ दिसला तर बसून समजावून सांगा. नुसतं रागावलं तर ती मागच्या दाराने करून बघतात.

शेवटचा हात आणि टांगणं

पॉलिश नेहमी डागून झाल्यावरच. पॉलिश लावलेलं लाकूड पुन्हा जाळलं तर रसायनांचा धूर निघतो. घरात लागणाऱ्या पाटीला मेण किंवा चपडीचं पॉलिश पुरतं. बाहेर, पावसाच्या माऱ्यात ते चालत नाही, पाण्याने चपडी पांढरी पडते. कोकणात किंवा मुंबईत दाराबाहेर लावायची असेल तर बाहेरच्या वापराचं पीयू पॉलिश घ्या. मागची बाजू आणि कडाही रंगवा, पाणी तिथूनच शिरतं. कच्चं अळशीचं तेल दमट हवेत बुरशी धरतं. शिवाय तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ऊन-पावसात लाकूड काही वर्षांत करडं पडतं आणि फिकट जळलेली अक्षरं त्यात हरवतात. म्हणून बाहेरच्या पाटीची अक्षरं जरा खोल डागा, आणि छपराखाली, सावलीत टांगा. दरवर्षी पावसाळ्याआधी पॉलिशचा एक हात दिला की पाटी पुष्कळ टिकते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीत स्क्रू ठोकण्याऐवजी मागे दोन हुक लावून दोरीवर टांगा. घर बदललं की पाटी काढून सोबत नेता येते. निकाहात किंवा नव्या घरात राहायला जाणाऱ्यांना द्यायलाही ही भेट चांगली. फक्त देण्याआधी नाव एकदा त्यांच्याकडूनच लिहून घ्या, दोन्ही लिपींत. आणि लोखंड तापवायच्या आधी ते मोठ्याने वाचून दाखवा.